सोसायटीच्या ऑफिसातला जुना पीसी: आधी रॅम, आधी एसएसडी की नवीनच घ्यायचा?

खजिनदार साहेब, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, माझं काही समजण्यात चुकत असेल तर सांगा. भांडुपच्या सोसायटीचं ऑफिस, २०१२ मधे घेतलेला असेंबल्ड डेस्कटॉप, सेकंड जनरेशन आय३, २ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी क्लार्क मॅडम बटण दाबून चहा पिऊन येतात तरी आयकॉन यायचे असतात. काम काय तर मेंटेनन्सची बिलं काढायचं सॉफ्टवेअर, एक्सेल, आणि ब्राउजरमधे बँक, ईमेल, व्हॉट्सॲप वेब. एक जण म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो रॅम टाक, तिसरा म्हणतो भंगारात दे, आणि कमिटी ४,००० च्या वर एजीएमशिवाय एक रुपया सोडत नाही. तर यातलं कुठलं एक करू?

मी छोट्या ऑफिसांची, क्लासेसची, डॉक्टरांच्या दवाखान्यांची कॉम्प्युटरची कामं करतो, एएमसी म्हणा, बोलावलं की जाणं म्हणा, बरीच वर्षं झाली. असे पीसी माझ्याकडे सारखेच येतात आणि खरं सांगतो, तिघांपैकी कोणीही तुमचा पीसी उघडून बघितलेला नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. स्लो आहे म्हणजे तो कशाची तरी वाट बघत बसलाय. कशाची बसलाय ते बघितल्याशिवाय पैसे घातले तर कधीकधी नेमके लागू पडतात आणि बरेचदा वाया जातात.

प्रोसेसरचं आधी संपवतो. सेकंड जनरेशन आय३ २०११ मधला, पण बिलं काढायला, एक्सेलला, ब्राउजरला तो आजही पुरतो. तुम्ही टास्क मॅनेजर (पीसीत काय किती चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडलात तर बहुतेक वेळा दिसेल की सीपीयू १५-२० टक्क्यांवर निवांत आहे आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर लाल झालीये. म्हणजे बिचारा प्रोसेसर हातावर हात धरून बसलाय आणि दोष त्याच्यावर जातोय, 'जुना झाला हो आता' म्हणून.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. विंडोज ३२ बिट आहे का ६४, मदरबोर्ड कुठला आहे, हार्डडिस्क तब्येतीने ठीक आहे का मरायला टेकलीये, आणि बिलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स कसं आहे. ते जसं जसं येईल तसं सांगतो.

पण सगळ्याच्या आधी बॅकअप. हे मी कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी करतो, कारण स्लो झालेल्या दहा-बारा वर्षांच्या हार्डडिस्कमधे बऱ्याचदा स्लो होण्याचं कारण हेच असतं की ती मरतेय. मेंबरांची लेजर, बिलं, थकबाकी, ऑडिटचे कागद, हे गेलं तर पीसी फास्ट करून काय करणार. बिलिंग सॉफ्टवेअरमधे स्वतःचा बॅकअपचा ऑप्शन असतोच, तो घ्या, शिवाय त्याचं डेटा फोल्डर अख्खं कॉपी करा, एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समधे पडलेल्या फाइली विसरू नका, ऑफिसातल्या अर्ध्या महत्त्वाच्या फाइली तिथेच असतात.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाकून बघा. वर निळ्यात 'गुड' आलं तर ठीक. पिवळ्यात 'कॉशन' आलं तर खाली दोन ओळी बघा, रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर. पहिल्यात आकडा म्हणजे डिस्कने खराब जागा बाजूला काढून स्पेअर जागा वापरलीये, दुसऱ्यात आकडा म्हणजे काही जागा तिला आत्ता वाचताच येत नाहीयेत, ती परत परत प्रयत्न करतेय आणि तेवढा वेळ अख्खं विंडोज तिच्यासाठी थांबलंय. पेंडिंगमधे आकडा असेल तर डीफ्रॅग करू नका, चेकडिस्क लावू नका, आधी डेटा काढून घ्या. आणि अशा वेळी रॅम घेण्याचा विचार सोडा, पैसे डिस्कलाच लागणार आहेत.

डिस्क ठीक आहे असं धरून पुढे जाऊ.

पीसी एकदा रीस्टार्ट करा. शट डाउन नाही, रीस्टार्ट. विंडोज १० मधे फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा आतला भाग डिस्कवर तसाच साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक केलंत की 'अप टाइम' दिसतो, रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या ऑफिसच्या पीसीवरसुद्धा तो महिन्याचा दिसतो आणि लोकांना वाटतं आकडा चुकलाय. चुकलेला नसतो. तर एकदा रीस्टार्ट, मग मॅडम जे रोज उघडतात ते सगळं उघडा, बिलिंग, एक्सेल, ब्राउजरचे तेवढेच टॅब, आणि दहा मिनिटं रोजच्यासारखं काम करू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर येईल. परफॉर्मन्समधे मेमरीवर जा आणि 'कमिटेड' लिहिलंय तिथे बघा, दोन आकडे असतात, समजा ३.४ / ४.८. पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्यांनी मिळून मागून घेतलेली मेमरी. तुमच्याकडे खरी रॅम २ जीबी आणि मागणी ३.४, म्हणजे वरचं जे मावत नाही ते साधारणपणे डिस्कवरच्या पेज फाइलमधे, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत, जातंय.

इथे सगळी गंमत आहे. चाळीतल्या खोलीत ओटा छोटा असला की अर्धी भांडी माळ्यावर जातात, आणि स्वयंपाक करताना दर दोन मिनिटांनी शिडी लावून एक खाली काढायचं आणि जागा नाही म्हणून दुसरं वर ठेवायचं. रॅम कमी असलेला पीसी दिवसभर तेच करतो. एक्सेलमधून ब्राउजरमधे गेलात की एक्सेल वर आणि ब्राउजर खाली, परत आलात की उलटं. तुम्हाला दिसतं डिस्क १०० टक्के, आणि तुम्ही म्हणता डिस्क खराब. खरं दुखणं मेमरीचं असतं, फक्त ते डिस्कच्या नावाने ओरडतं.

आणि डिस्क एवढी का अडकते तेही सांगतो, कारण यावरच पुढचा सगळा हिशोब आहे. डेस्कटॉपची साधी हार्डडिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, त्याच्या आधी हेड त्या जागी न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद, म्हणजे इकडचा एक तिकडचा एक असे विखुरलेले तुकडे मागितले की एकेका मागणीला १२-१३ मिलिसेकंद जातात. सेकंदाला झाल्या जेमतेम ७०-८० मागण्या. पेज फाइलची मागणी बऱ्याचदा ४ केबीच्या तुकड्यांची असते, म्हणजे सेकंदाला मिळून ३०० केबीच्या आसपास! म्हणूनच टास्क मॅनेजरमधे ते विचित्र दृश्य दिसतं, डिस्क १०० टक्के बिझी आणि स्पीड मात्र अर्धा-एक एमबी. बिघाड नाहीये हो तो, ती धावपळ करतेय, फक्त धावण्यातच वेळ जातोय. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, तीच मागणी साधारण ०.१ मिलिसेकंदात होते.

त्यामुळे दुकानदार जेव्हा सांगतो की तुमच्या जुन्या बोर्डावर एसएसडीला फुल स्पीड मिळणार नाही, तेव्हा तो खोटं बोलत नसतो पण त्याचा उपयोग नसतो. तुमच्या काळातल्या आय३ बरोबर बहुतेक एच६१ चिपसेटचे बोर्ड यायचे, त्याला साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, ३ गिगाबिटवाले पोर्ट असतात, ६ वाले नसतात. म्हणजे मोठी फाइल कॉपी करताना ५०० एमबीच्या ऐवजी २५०-२७० मिळतील. मिळू देत की. सोसायटीच्या ऑफिसात सिनेमे कॉपी करायचे नाहीयेत, आपल्याला त्या १२-१३ मिलिसेकंदांपासून सुटका हवीये आणि ती जुन्या पोर्टवरही होते.

आता रॅम आधी की एसएसडी आधी. माझा स्वतःचा नियम असा आहे की ४ जीबी रॅम असेल तर डोळे झाकून एसएसडी आधी. २ जीबी असेल तर दोन्ही, आणि खरंच एकालाच पैसे असतील तरीही एसएसडी आधी. याला कारण आहे. नुसती रॅम टाकली तर काम करतानाचा त्रास कमी होईल पण सकाळचं सुरू होणं जवळपास तसंच राहील, कारण सुरू होताना विंडोज हजारो छोट्या फाइली वाचतं आणि त्या जुन्याच डिस्कवर आहेत. नुसती एसएसडी टाकली तर चालू पटकन होईल आणि रॅम कमी पडून जे वरखाली चालतं ते बंद होणार नाही, पण एवढं पटकन होईल की मॅडमना फार जाणवणार नाही. एसएसडीवर सारखं लिहिलं गेलं तर तिचं आयुष्य कमी होतं हे खरं, पण बिलिंगच्या कामाला ती चिंता करण्यासारखी नाही. दुसरं असं की उद्या हा पीसी टाकलाच तर एसएसडी काढून नवीन मशीनला लावता येते, तुमच्या पीसीला लागते ती जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम नवीन मशीनला चालत नाही. कमिटीला हा मुद्दा सांगून बघा, पटतो.

पण तुमच्या केसमधे २ जीबी म्हणजे फारच कमी आहे. विंडोज १० ची कागदावरची गरज ६४ बिटला २ जीबी आहे, पण नुसतं चालू होऊन बसलं तरी एक-दीड जीबी तेच खातं, त्यावर ब्राउजर उघडला की संपलं. म्हणून मी १२० किंवा २४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची एक वापरलेली डीडीआर३ स्टिक असं सुचवेन. २४० चा आग्रह नाही, बिलिंग आणि कागदपत्रांना १२० पण पुरते, फक्त त्यातली २०-२५ मोकळी ठेवा. भाव मी लिहीत नाही कारण २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्हीचे भाव चढलेत आणि आज लिहिलेला आकडा पुढच्या आठवड्यात खोटा ठरतो, पण वापरलेली डीडीआर३ अजून आवाक्यात असते. दोन्ही ४,००० त बसतंय का ते दुकानात विचारा, नाही बसलं तर एसएसडी आत्ता आणि रॅम पुढच्या महिन्यात किरकोळ खर्चात दाखवा, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करता.

रॅम घेताना फसण्याच्या जागा आहेत. पहिली, विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढे ते जाऊच शकत नाही आणि प्रत्यक्षात ३ ते साडेतीनच्या मधेच काहीतरी वापरतं. सेटिंग्जमधे सिस्टीम, मग अबाउट, तिथे लिहिलेलं असतं. ३२ असेल तर एसएसडीवर नवीन विंडोज टाकताना ६४ टाका, तुमचा प्रोसेसर ६४ बिटचाच आहे. मात्र बिलिंग सॉफ्टवेअर फारच जुनं असेल तर ते ६४ वर चालतं का ते आधी विचारा, काही डॉसच्या काळातली सॉफ्टवेअरं ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. दुसरी, डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हीला २४० पिना असतात पण खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवायला जाऊ नका. तिसरी म्हणजे बाजारात स्वस्तात ४ जीबीच्या अशा स्टिक मिळतात ज्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात, इंटेलवर डिस्प्लेच येत नाही, पाकिटावर कुठेतरी बारीक लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलंही नसतं. त्यामुळे घेतानाच सांगायचं, इंटेल एच६१ ला पाहिजे, नाही चालली तर परत घेशील ना? बिल घ्यायचं, सोसायटीच्या नावाने, ऑडिटरला पण बरं.

आणि जर बोर्ड जी४१ निघाला, म्हणजे आय३ नाहीच, कोणीतरी त्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरला आय३ चा स्टिकर लावून दिलाय, हसू नका, असे पीसी बघितलेत, तर त्याला एका स्टिकवर १६ चिप असलेलीच ४ जीबी लागते, ८ चिपवाली बरेचदा चालत नाही. पण कोअर टू ड्युओ असेल तर मी पैसेच घालू नका म्हणेन. बोर्डाचं नाव बघायला स्टार्टमधे 'एमएसइन्फो३२' टाइप करा, तिथे प्रोसेसर आणि बेसबोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) दोन्ही येतं.

एसएसडी बसवणं अवघड नाही, एक साटाची डेटा केबल आणि एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, येणारी पॉवरची पिन. ती अडीच इंची असते आणि कॅबिनेटमधली जागा साडेतीन इंची, ब्रॅकेट मिळतो, नाहीतर डबल टेपने चिकटवली तरी चालते, आत काही फिरत नाही त्यामुळे तिला हादऱ्याचं काही नाही. बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) साटा मोड एएचसीआय आहे का बघा, आयडीई असेल तर विंडोज टाकायच्या आधी बदला. चालू विंडोजवर नुसतं बदललंत तर पीसी निळ्या स्क्रीनवर जाईल आणि मला फोन येईल.

जुनं विंडोज तसंच्या तसं क्लोन करायचं की कोरं टाकायचं? माझी पसंती कोऱ्याला, कारण एवढ्या वर्षांत त्यात काय काय साठलंय ते देव जाणे. पण बिलिंगचं लायसन्स काही कंपन्या हार्डडिस्कच्या नंबरला बांधतात, त्यामुळे डिस्क बदलण्याआधी त्यांच्या सपोर्टला फोन करून विचारा की लायसन्स नवीन डिस्कवर कसं न्यायचं. ते म्हणाले दोन हजार लागतील तर तुमचं बजेटच बदललं. जुनी हार्डडिस्क काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, लगेच पुसू नका, एखादं बिलिंगचं चक्र पूर्ण होऊ द्या. नंतरही भंगारवाल्याला देऊ नका, मेंबरांचे फोन नंबर, पॅन, बँकेचे तपशील सगळं त्यात आहे.

फॉरमॅट मारण्याबद्दल विचारलंत. फॉरमॅटने फरक पडतो, महिनाभर. मग अपडेट येतात, अँटीव्हायरस येतो, ब्राउजर फुगतो आणि तीच २ जीबी आणि तीच डिस्क. फॉरमॅटवाल्याचं मात्र बरं असतं, दर सहा महिन्यांनी बोलावणं येतं.

खर्च मंजूर होईपर्यंत फुकटात काय होईल तेही करून ठेवा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधे प्रिंटर, स्कॅनर, जुने मेसेंजर, वनड्राइव्ह, काय काय आपोआप चालू होतं ते बंद करा, प्रिंटर छापायचा थांबत नाही त्याने. अँटीव्हायरस दोन असतील तर एक काढा, दोघं एकाच फाइलीला एकापाठोपाठ तपासत बसतात. ट्रायल संपलेला असेल तर तोच काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. सी ड्राइव्ह बघा. आपल्याकडे असेंबल करणारे सी ला ५०-६० जीबी आणि बाकी डी, ई करून ठेवतात, सी भरून लाल झालेला आणि डी मधे ३०० जीबी रिकामी. सी मधे जागा नसली की पेज फाइल वाढू शकत नाही, अपडेट अर्ध्यात मरतो आणि रोज परत सुरू होतो. डाउनलोड्स डी वर हलवा, स्टोरेज सेटिंगमधून टेम्पररी फाइली काढा.

ब्राउजरमधे व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं ठेवायची गरज आहे का ते मॅडमशी बोला. नोटीस पाठवायच्या वेळेला उघडायचं आणि बंद करायचं. क्रोममधे मेमरी सेव्हर आणि एजमधे स्लीपिंग टॅब असतं ते चालू करा, पाठीमागचे टॅब झोपतात आणि मेमरी सुटते. जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेंशन ठेवा, बाकी सगळी काढा. २ जीबीत उगाच उघडा असलेला प्रत्येक टॅब भारी पडतो.

काय करायचं नाही तेही सांगतो कारण व्हिडिओ बघून लोक करून येतात. रॅम बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर टाकू नका, ते स्वतःच मेमरी खातात. पेज फाइल बंद करू नका, २ जीबीवर ती बंद केली की एक्सेल सेव्ह न होता बंद पडेल आणि ते नेमकं मार्चमधे होईल. पेन ड्राइव्ह लावून रेडीबूस्ट ही व्हिस्टाच्या जमान्यातली युक्ती आहे, साध्या पेन ड्राइव्हने हाती फार काही लागत नाही. एमएसकॉन्फिगमधे प्रोसेसरची संख्या निवडून काही फास्ट होत नाही, ती आधीपासून पूर्णच वापरात असते. आणि कुठूनतरी उतरवलेलं 'लाइट' विंडोज ज्या पीसीवर सोसायटीचं बँक खातं उघडतं त्यावर टाकू नका, त्यात कोणी काय घातलंय ते कळायला मार्ग नाही.

ते बँकेचं मुद्दाम वेगळं लिहितो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराच्या मशीनना सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा दुसऱ्या जनरेशनचा आहे, अधिकृतपणे बसत नाही. खटपट करून टाकता येतं, घरच्या पोराच्या पीसीवर मी टाकूनही देतो, पण दीडशे मेंबरांचे पैसे ज्या खात्यात आहेत त्या मशीनवर नाही. माझं मत असं की या पीसीला बिलिंग आणि एक्सेलपुरतं ठेवा आणि बँकेचं काम सेक्रेटरींच्या किंवा तुमच्या अपडेटेड लॅपटॉपवर करा.

लिनक्स हा खरा चांगला पर्याय आहे, पण बिलिंग सॉफ्टवेअर ब्राउजरमधे चालणारं असेल तरच. तसं असेल तर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई टाका, ४ जीबीवर मस्त चालतं, फुकट आहे आणि अपडेट येत राहतात. विंडोजवरच चालणारं असेल तर त्या वाटेला जाऊ नका, तुम्ही नसताना मॅडमची पंचाईत होईल. मराठी नोटिसा कशात टाइप करता तेही बघा. युनिकोड इनस्क्रिप्ट असेल तर कुठेही चालेल, पण श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली असतील तर नवीन इन्स्टॉलेशनवर तो फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. फाँट आधी कॉपी करून ठेवा.

उघडलंच आहे कॅबिनेट तर साफ पण करून घ्या. वायर काढायची, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, आणि मग ब्लोअर गॅलरीत मारायचा, ऑफिसात नाही, नाहीतर रजिस्टरांवर धूळ. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा गालिचा असेल तर गरम होऊन प्रोसेसर स्वतःच मंदावतो, तिथली थर्मल पेस्ट पण एवढ्या वर्षांत वाळून खडू झालेली असते, बदला. आपल्या मुंबईच्या हवेत, त्यात पावसाळ्यानंतर, रॅमच्या सोनेरी पिनांवर थर येतो. रॅम काढून घातल्यावर पीसी नुसता बीप करत बसला तर घाबरू नका, पिनांवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, परत बसवा. बोर्डावरचे उभे कॅपॅसिटर वरून फुगलेत का बघा. तारीख सारखी मागे जात असेल तर नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदला, तारीख चुकीची असली की बँकेच्या साइटही सर्टिफिकेटची तक्रार करून उघडत नाहीत आणि लोक नेटवाल्याला शिव्या घालतात.

भंगारात कधी द्यायचा? कॅपॅसिटर फुगलेत, डिस्कही पिवळी आहे आणि एसएमपीएस पण आवाज करतोय असं दोन-तीन गोष्टी एकदम निघाल्या तर. किंवा प्रोसेसर कोअर टू ड्युओ निघाला तर. मग ते पैसे यात घालू नका, एजीएमपर्यंत ओढा आणि कंपन्यांमधून निघालेला आठव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅमचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप वॉरंटी आणि जीएसटी बिलासकट घ्या. सोसायटीच्या कामाला नवा कोरा घ्यायची मला तरी गरज वाटत नाही.

सगळं जमून आलं, म्हणजे एसएसडी आणि एकूण ६ किंवा ५ जीबी रॅम, तर पीसी मिनिटभराच्या आत कामाला लागायला हवा. बोर्डाला रॅमचे दोन स्लॉट असतील आणि एकात २ ची स्टिक असेल तर ती राहू द्या, शेजारी ४ लावा. एक-एक जीबीच्या दोन असतील तर दोन्ही भरलेले असतील, मग एक काढून ४ लावायची आणि उरलेली १ राहिली तर राहिली. बिलांची पीडीएफ बनायला जो वेळ लागतो त्यातला थोडाच कमी होईल, ते काम प्रोसेसरचं आहे, आणि साइट हळू उघडत असेल तर ते नेटचं.

मला एवढं कळवा: कमिटेडचा आकडा, ३२ का ६४, बेसबोर्डचं नाव, रॅमचे स्लॉट किती आणि भरलेले किती, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत कुठला रंग आला. मग कुठली स्टिक घ्यायची ते नेमकं सांगतो. तोवर स्वतःच लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, पूर्वेला चालत जवळच आहे. जुनी रॅम काढून कागदात गुंडाळून बरोबर न्या, दुकानदार ती बघूनच जोडीची देतो, शक्य असेल तर तिथेच इंटेलच्या बोर्डावर लावून डिस्प्ले दाखवायला सांगा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.